लोकांकडं तोंड केलेला माइक

“ज्यास्नी ऐकू येत न्हाय त्यांनी हात वर करा!”

असं माइकवरून विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लोक हसायचे. पुढच्या रांगेतली टवाळ पोरं हटकून दोन्ही हात वर करायची. आप्पा मात्र हसायचे नाहीत. कपाळावर हात धरून ते मागं बघायचे, आणि खरोखरच शेवटच्या रांगेत एखादी म्हातारी हात वर करून उभी असायची. शेजारणीनं तिला तसं सांगितलेलं असायचं. मग आप्पा शिडी घेऊन जायचे, त्या बाजूचा कर्णा वीतभर वळवायचे आणि खाली उतरून तोच प्रश्न कन्नडमधून विचारायचे, “केळस्तैतेन्री?” म्हातारीनं मान हलवली की कार्यक्रम सुरू. तोवर पुढारी असो नाहीतर कीर्तनकार, माइक कुणाच्या हातात पडायचा नाही.

निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं म्हणे, पण पाटीवर कायम एक कर्णा टांगलेला असल्यामुळे ते कुणी वाचलं नाही. आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. उंच, वाळका देह, पांढरा पायजमा, खिशात टेस्टर आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. कार्यक्रम नसेल त्या दिवशी कान ‘राखून ठेवायचे’ अशी त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की उजव्या कानातला बोळा निघायचा. काम पटलं तरच डावा.

गावभर आवाज वाटणारा हा माणूस स्वतः मात्र इतका हळू बोलायचा की समोरच्याला वाकून उभं राहावं लागे. माझी आई एकदा वैतागून म्हणाली, “आप्पा, जरा मोठ्यानं बोलत जावा की. स्पीकरवालं न्हवं तुम्ही?”

“दुसऱ्याचं मोठं करायचं काम हाय माझं, आक्का,” ते म्हणाले. “आपलं कशाला मोठं करायचं?”

लग्नाची सुपारी घेतली की ते आधी मांडवाच्या आसपासची घरं फिरून यायचे. कुणी आजारी आहे का, कुणाची परीक्षा आहे का, कुठं बाळंतीण आहे का. असलीच तर कर्णा त्या घराकडं पाठ करून बांधायचा. वरबाप भांडायला उठायचा, “आमचं लगीन हाय, साऱ्या गावाला कळाय पायजे!” आप्पा वायर गुंडाळायला लागायचे. मग वरबापच नरम यायचा, कारण त्यांच्याइतका स्वच्छ आवाज चिकोडीपर्यंतच्या पट्ट्यात कुणाकडं नव्हता.

स्टेजवरच्या माणसाकडं मात्र त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. ॲम्प्लिफायरची बटणं एकदा लावून झाली की ते शेवटच्या रांगेच्या मागं जाऊन बसायचे, तेही स्टेजकडं पाठ करून. शेंगा फोडत, मान खाली घालून. एकदा एक कीर्तनकार आदल्या दिवशीच्या व्यवस्थेबद्दल आभार मानायला दुकानात आले, तर आप्पांनी त्यांना विचारलं, “कोण तुम्ही?” बुवा चपापले. आप्पा म्हणाले, “जरा दोन वाक्यं बोला बघू.” बुवा रागानं दोन वाक्यं बोलले तेव्हा कुठं ओळख पटली.

त्यांचा खरा वेडेपणा मात्र याहून वेगळा होता. त्यांच्याकडं स्पूलचा एक टेपरेकॉर्डर होता. मोठी बॅग असावी एवढा, वर दोन चकत्या फिरणारा. त्या काळात निपाणीत असं यंत्र असणं म्हणजे केवढी गोष्ट! पण आप्पा त्याचा माइक गाणाऱ्यासमोर ठेवायचेच नाहीत. गर्दीच्या मधोमध एक कळकाचा बांबू रोवायचे आणि त्यावर माइक बांधायचे, लोकांकडं तोंड करून. गाणं लांबून यायचं आणि माणसं जवळून. त्यामागं त्यांचा हिशेब होता. लोक मध्येच बोलायला लागले की समजायचं, त्या बाजूला आवाज पोचत नाही. दुसऱ्या दिवशी टेप लावून ते वहीत लिहायचे, ‘उजवीकडं तिसरी रांग बोलली. चौथ्या गाण्याला सगळी गप्प.’ पुढच्या खेपेला त्याप्रमाणे कर्णे फिरायचे.

“गाणारा काय गाणार ते ठरल्यालंच असतंय,” ते सांगायचे. “ऐकणारा काय करतोय ते कुणाला म्हाईत हाय? तेच भरून ठेवायचं.”

या पद्धतीचं आम्हाला हसू यायचं. तिनं एक दिवस चौघांचं नशीब फिरवलं, तेव्हा ते थांबलं.

सत्तरच्या पुढच्या त्या वर्षांत बेळगावच्या चार पोरांनी ‘पाणंद पार्टी’ नावाचा ताफा काढला होता. गाणारा विलास. तो कॅम्पात चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून गिटार शिकला होता, पण त्याचं आजोळ खानापूरकडचं, भाताच्या शेतांतलं. त्यामुळे त्याच्या बोटांत एक आणि कानांत दुसरंच. त्यानं भातलावणीच्या वेळची भलरी गिटारवर घेतली, जात्यावरच्या ओव्यांना ड्रम लावला आणि ड्रमशेजारी हलगी बसवली. ऐकणाऱ्या शहाण्यांनी ‘धड ना तमाशा, धड ना सिनेमा’ असं म्हणून नाकं मुरडली. मी तेव्हा नववीत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं, आणि का ते आजही सांगता येणार नाही. आमच्या घरात रोज ऐकलेलं काहीतरी एवढं मोठं, एवढं ऐटीत कर्ण्यातून येऊ शकतं, हेच मला नवीन होतं.

त्यातलं एक गाणं तर आमच्या घरचंच होतं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, कातरीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायची, दिवस बुडेपर्यंत. निपाणीत निम्म्या घरांत हेच. विलासनं अशाच कुठल्यातरी बायकांच्या तोंडून ऐकून ते उचललं होतं:

सूप मांडीवर, पान कातरीला,
दिस बांधला गं बाई दोरीला…

तीन वर्षं पाणंद पार्टी अशी गाणी गात फिरली. स्पीकर नेहमी आप्पांचे. मग मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस कुणाच्या तरी लग्नाला बेळगावला आला, त्यानं विलासला ऐकलं आणि सांगून गेला, “एखादा सबंध कार्यक्रम टेप करून पाठवा. चांगला असेल तर तबकडी काढू.” टेपचं यंत्र एकट्या आप्पांकडं. तंबाखूच्या एका वखारीच्या आवारात कार्यक्रम ठरला. चौघांनी जीव तोडून वाजवलं. आप्पांनी स्पूल त्याच रात्री पार्सल करून मुंबईला धाडला.

आता कुणालाही कळेल काय झालं असेल ते. आप्पांना कळलं नाही. त्यांनी माइक रोजच्यासारखाच बांधला होता. मुंबईच्या साहेबांना दाखवायचं काय, तर शेवटच्या रांगेतसुद्धा कुणी बोलत नाही! याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं.

दीड महिन्यानं विलासला पत्र आलं. लोकांचा गोंगाट स्पष्ट आहे, कलाकार अस्पष्ट आहेत, विचार करता येत नाही. पाठोपाठ पार्सलही परत आलं. विलास ते तसंच घेऊन निपाणीला आला आणि आप्पांच्या टेबलावर आदळून म्हणाला, “आप्पा, तुम्ही आमचं वाटोळं केलासा.”

आप्पा एवढंच म्हणाले, “भरलंय ते बरोबर भरलंय.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. विलासनं ती गाणी टाकून दिली. पार्टीचं नाव ‘पाणंद मेलडी’ झालं, चौघांच्या अंगावर चंदेरी कोट आले आणि ते लग्नांत, गणपतीत सिनेमाची गाणी वाजवायला लागले. वाजवायचे चांगलं. मी एकदा लांबून बघितलं आणि निघून आले.

दहा-अकरा वर्षं गेली. मी मॅट्रिक होऊन, टायपिंग करून टेलिफोन ऑपरेटर झाले. कानाला हेडसेट, समोर दोऱ्यांचा बोर्ड, “निपाणी बोला” म्हणत दिवस जायचा. आईला माझ्या नोकरीचा एवढा अभिमान होता की ती शेजारणींना सांगायची, आमच्या पोरीला विचारल्याशिवाय निपाणीचं माणूस बेळगावला बोलूच शकत न्हाय.

एका दुपारी बोर्ड थंड होता आणि शेजारच्या खुर्चीवर खानापूरची सुशीला पेन्सिल वाजवत गुणगुणत होती. ‘दिस बांधला गं बाई दोरीला.’ माझ्या हातातली कॉर्ड तशीच राहिली.

“हे तुला कुठनं म्हाईत?”

“पाणंदचं न्हवं का? आमच्या गावात जत्रेला आलती पार्टी. मी सातवीत हुतो.”

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी जे केलं ते नियमात बसणारं नव्हतं. बोर्ड मोकळा असला की चिकोडीच्या ऑपरेटरला विचारायचं, “पाणंदचं भाताचं गाणं येतंय का? दुसरं कडवं?” तिला यायचं नाही, पण तिच्या नवऱ्याला यायचं. बेळगावचा एक ऑपरेटर तर ड्रमरचा शेजारी निघाला. खानापूरच्या एका पोस्टमननं फोनवर चार ओळी म्हणून दाखवल्या आणि पाचवीला फोनच ठेवून दिला. आम्हाला वाटत होतं आपणच दोघी वेड्या, तर अख्ख्या लाइनवर माणसं विखुरलेली होती. प्रत्येकाकडं एकेक तुकडा. वर्षभरात माझी एक वही भरली. सुपरवायझरबाईंनी एकदा रंगेहाथ पकडलं. आम्ही मान खाली घालून उभ्या. बाई म्हणाल्या, “तिसरं कडवं चुकीचं लिवलाईसा,” आणि दुरुस्त करून दिलं.

शब्द जमले, पण चाल, वाद्यं, विलासचा त्या वेळचा आवाज? सुशीला आणि मी एका रविवारी बेळगावला शहापुरात विलासच्या घरी गेलो. तो पस्तिशीचा झाला होता, केस मागं सरलेले, मेलडीही एव्हाना मोडलेली. त्यानं बसवून चहा दिला, वही चाळली, आणि बाजूला ठेवली.

“कशाला हे?” तो म्हणाला. “ती गाणी लोकांस्नी आवडत न्हवती.”

“अहो, आवडत होती म्हणून तर आम्ही आलोय!”

“तुम्ही दोघी. समोर हजार माणूस असायचं आन् हूं की चूं करायचं न्हाय. आम्ही तीन वर्षं अंधाराकडं बघून गायलोय, बाई. मुंबईवाल्यांनी लिवलं ते खरंच. लोक आपसात नुसता गोंगाट करत हुतं, गाणं कुणीच ऐकत न्हवतं.” मग म्हणाला, “टेपा पायजे असतील तर त्या माइकवाल्याला विचारा. त्यानंच पुरल्यात.”

मी आप्पांकडं गेले. त्यांनी दोन्ही बोळे काढून माझं ऐकलं, आतल्या खोलीत नेलं आणि एक लाकडी पेटी उघडली. मला शिंकांवर शिंका. प्रत्येक स्पूल तंबाखूच्या पानात गुंडाळून ठेवलेला. कसर लागू नये म्हणून आमच्याकडं लुगड्यांच्या घड्यांत तंबाखूची पानं घालतात, तसं. पाणंदचे पंधरा-वीस कार्यक्रम त्यात होते. माझा आनंद पोटात मावेना.

“लावा की, आप्पा!”

“यंत्राचा पट्टा गेलाय.”

“मग बसवा.”

“बसवू.”

आज बसवू, उद्या बसवू करत चार महिने गेले. रबराचा एक पट्टा! निम्म्या गावाचे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. मी रोज कामावरून येताना विचारायची, ते रोज काहीतरी कारण सांगायचे. एके दिवशी माझा पारा चढला. मी सरळ पेटी उघडून बसले, आणि तळाशी मला ते पार्सल दिसलं. मुंबईचा शिक्का, मुंबईची सुतळी, गाठ जशीच्या तशी. विलासनं टेबलावर आदळलं त्या दिवसापासून आप्पांनी ते उघडलंच नव्हतं.

अकरा वर्षं हा माणूस ‘बरोबर भरलंय’ म्हणत होता आणि त्यानं ते एकदाही ऐकून बघितलं नव्हतं.

“तुम्ही भ्यालाय, आप्पा,” मी म्हणाले. बोलून गेल्यावर जीभ चावली.

ते खाली बसले. एरवीपेक्षाही हळू बोलले. “व्हय. त्यात खरंच काय न्हाय निघालं तर? चार पोरांचं मी… तसंच असंल तर मग मी काय करू, तूच सांग.”

मी त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिले, आणि मला त्यांची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डावर त्यांचाच फोन. “सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून बसवलाय. सुटी झाली की ये.”

आधी इतर टेपा थोड्या थोड्या लावून बघितल्या. चकत्या फिरल्या, खरखर झाली आणि एकदम माणसंच माणसं. खोकले, बांगड्या, “आरं सरक की”, तान्ही पोरं, आणि मागं कुठंतरी लांब गिटार. मध्येच एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, “खाली बसा की, मुडद्यांनो, मागच्यास्नी काय दिसंना!” मी खुर्चीवरून उठलेच. ती माझी आई होती. दिवसभर आवाज ओळखायचंच काम करत होते मी. घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणाली, “मी कशाला जातीया तसल्या गर्दीत?”

मग आप्पांनी पार्सल पुढं ठेवलं. त्यांनी कात्री माझ्याकडं सरकवली. मी सुतळी कापली.

आम्ही तो स्पूल सुरुवातीपासून ऐकायला लागलो. खोटं कशाला सांगू? मुंबईच्या साहेबांचं काही चुकलं नव्हतं. विलासचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. ड्रम तर नाहीच. आप्पा डोळे मिटून बसले होते. “मुंबैवालं खरं हुतं,” ते म्हणाले. “ह्यात विलास कुठाय? मीच बुडवलं त्याला.”

आणि तेवढ्यात ते विड्यांचं गाणं लागलं. लांबून विलास म्हणाला, ‘सूप मांडीवर, पान कातरीला’. लांबून म्हणाला, ‘दिस बांधला गं बाई दोरीला’. आणि त्यानं दम घ्यायला सोडलेल्या जागेत, अगदी माइकपाशी, शंभरभर बायकांनी उचललं:

ऱ्हाऊ दे थोडा मोकळा, माझ्या पोरीला.

ही ओळ पाणंदची नव्हती. माझ्या वहीत नव्हती, कुणी फोनवर सांगितली नव्हती; मी पोरांसोबत पुढं कर्ण्याखाली बसायचे, त्यामुळे मलाही ती कधी ऐकू आली नव्हती. बायकांनी आपल्या पदरची घातली होती आणि प्रत्येक कडव्याला त्या ती म्हणत होत्या. एकसुरात, रेटून, कुणी न सांगता. मी ऐकत राहिले. सुपाला बांधलेल्या आईनं माझ्यासाठी काय मोकळं सोडलं होतं ते मला त्या खोलीत कळलं, आणि मी ओक्साबोक्शी रडले. आप्पांनी टेप थांबवली, मागं घेतली, परत लावली. दुसरा स्पूल काढला, त्यातलं तेच गाणं शोधलं. तिथंही ती ओळ. तिसऱ्यातही. त्या वेळी वहीत त्यांनी याला ‘बायका बोलल्या’ एवढंच लिहिलं होतं.

“चल,” ते म्हणाले. “आता त्याला ऐकवाय पायजे.”

त्या रविवारी ते यंत्र मांडीवर घेऊन आप्पा बेळगावच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं वर टपावर टाकायला सांगितलं तर त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो परत फिरकला नाही. शहापुरात विलासच्या बायकोनं दार उघडलं. मागून विलास आला आणि आप्पांना बघून तिथंच थांबला.

आप्पा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “चूक माझी हाय, विलास. त्या दिवशी माइक तुझ्याकडं करायचा हुता, मी केला न्हाय. तुझी तबकडी माझ्यामुळं गेली. ही माझी कबुली. आता पाच मिनिटं ऐक, मग हाकलून दे.”

अकरा वर्षांनी हे ऐकायला मिळेल असं विलासलाही वाटलं नसावं. तो बाजूला झाला.

टेप लागली. पहिल्यांदा त्याचा चेहरा कडूच होता. स्वतःचा तो पुसट आवाज ऐकून त्यानं तोंड फिरवलं. मग बायका गायला लागल्या. विलास पुढं वाकला.

“हे कोण गातंय?”

“म्होरं बसल्यालं लोक,” आप्पा म्हणाले.

“कवा?”

“दर टायमाला. निपाणीत, अकोळात, गळतग्यात. सगळीकडं.”

“दर टायमाला?” विलासचा आवाज चिरकला. “मला कुणीच कसं सांगितलं न्हाय? स्टेजवर काय ऐकू येतंय व्हय, आप्पा! मागं ड्रम, डोळ्यावर लाइट, कर्णं सगळं लोकांकडं तोंड केल्यालं. मला वाटायचं समोर दगडं बसल्यात. तीन वर्षं मला तसंच वाटत हुतं!”

आप्पांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं, त्यांनी एखाद्या कलाकाराकडं नीट बघायची ती पहिलीच वेळ असेल.

“साऱ्या गावाला विचारत फिरलो,” ते म्हणाले, “ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. तुला तेवढं विचारायचं ऱ्हायलं.”

विलासच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. विलासनं ती टेप चारदा ऐकली. नंतर त्यानं आप्पांना जेवायला थांबवून घेतलं.

तीन महिन्यांनी निपाणीत त्याच वखारीच्या आवारात कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी चार वाजता, कारण संध्याकाळी बायकांना चुलीपासून उठता येत नाही. आमच्या ऑपरेटरांनी लाइनवरून निरोप दिले. चिकोडीहून माणसं आली, खानापूरचा पोस्टमन आला. जुन्यातला हलगीवाला मिळाला, नको-नको म्हणणाऱ्या ड्रमरला तर घरचे आणून सोडून गेले. चंदेरी कोट नव्हते. आई म्हणाली, “मी नुसती बघून येतो,” आणि येताना गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन आली.

विलासचं पहिलं गाणं बरं झालं, दुसरं चांगलं. लोकांनी टाळ्या दिल्या, पण टाळ्या काय, चंदेरी कोटालाही मिळतात. मग त्यानं विड्यांचं गाणं घेतलं. दोन ओळी म्हटल्या आणि हात वर करून हलगी थांबवली, ड्रम थांबवला.

काहीच झालं नाही.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पदर तोंडाला लावले. निम्म्या तर नव्या पोरी होत्या, त्यांनी हे गाणं ऐकलेलंच नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आपणहून तोंड उघडायची लाज. विलास तसाच उभा. त्याचा चेहरा पडत चाललेला मला दिसत होता आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एक फाटका आवाज आला. “ऱ्हाऊ दे थोडा मोकळा…” सूर नाही, ताल नाही. आप्पा उभे राहून गात होते. आयुष्यभर पुटपुटणारा माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, “…माझ्या पोरीला!” पोरी फिदीफिदी हसल्या. पोरंही हसली. आप्पांनी दम घेतला आणि परत तीच ओळ, आधीपेक्षा बेसूर.

“आगंबाई,” आई म्हणाली, “काय लावलंय ह्यांनी हे!” आणि केवळ त्यांची चूक सुधारावी म्हणून तिनं ती ओळ नीट म्हटली. तिच्या शेजारणीनं धरली. पलीकडच्या दोघींनी धरली. मग वखारीच्या भिंतीकडची सगळी बाजू उठली, आणि ज्यांना येत नव्हती त्या पोरींनी दुसऱ्या खेपेला शिकून घेतली.

हलगीवाल्यानं पुढच्या कडव्यासाठी काठी उचलून विलासकडं बघितलं. विलासनं मानेनं नको म्हटलं. त्यानं गिटार खाली ठेवली, स्टेजच्या कडेला येऊन बसला आणि ऐकत राहिला. बायकांनी ती ओळ किती वेळा म्हटली कुणी मोजलं नाही. पुढचं कडवं त्या दिवशी झालंच नाही.